विहीणबाईंचं पोट

आर्वी
६ ऑगस्ट २०२४

सौ. अनुसयाबाई,
यशोदाचा नमस्कार.

यंदा राखीला अपेक्षा तुमच्याकडे येणार नाही, आणि त्याचं कारण मी आहे. फोनवर तिने ‘आईंची तब्येत थोडी नरम आहे’ एवढंच सांगितलं असणार. सून माझी अब्रू झाकते आहे. पण चार वर्षांपूर्वी तुम्ही तुमची मुलगी माझ्या निकेशला दिलीत, तेव्हा तिचा सण का हुकला हे तुम्हाला खरं कळलं पाहिजे. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं मी मनाने जुळवते आणि त्यातून नको ते अर्थ निघतात. म्हणून पत्र.

मे महिन्यात दाढ सुजली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्याने बरं वाटलं. जूनमध्ये खोकला झाला तेव्हा त्याच गोळ्या मी आपल्या मनाने दुकानातून आणल्या. पुढे कणकण आली, पुन्हा आणल्या. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी. गोळीचं नाव वाचता येतं म्हणजे औषध कळतं, असं वाटलं. त्यानंतर पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं. दोनदा सलाईन लागलं. आतड्यात एक जंतू ठाण मांडून बसला आहे म्हणतात. औषध दिलं की दबतो, थांबवलं की आठवड्याभरात उठतो. एकसष्ट किलोची होते, काल काटा त्रेपन्नावर थांबला.

अपेक्षा माझे कपडे धुते, धरून नेते-आणते. हा जंतू सॅनिटायझरने मरत नाही, म्हणून ती सारखी साबणाने हात धुते. बोटांची सालं निघाली आहेत. तिच्याकडे पाहायची मला लाज वाटते.

तुम्ही पाठवलेलं आंबिलीचं पीठ मात्र परत पाठवते आहे. राग मानू नका. घरगुती, आंबवायचं असं काही आता मला नको.

यशोदा

—

आष्टी
११ ऑगस्ट

ईनबाईले अनुसयाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तं हे म्हनत होते, मी वाचून दाखवतो. मी म्हनलं नाई, माह्या नावाचं हाये, मीच वाचीन. माहं शिक्षन सातवीपस्तोर. बोलते तसंच लिवते. तुमी मास्तरीनबाई, लाल शाई घेऊन बसू नका.

लाज काऊन धरता? माही सासू दीड वर्ष खाटेवर होती, तिचं सारं मी केलं. पह्यले आठ दिवस घान वाटते, मंग वाटत नाई. अपेक्षानं ते पाह्यलं हाये लहानपनी. ती करन. तिच्या बोटाले खोबऱ्याचं तेल लावाले सांगजा, माहं ती ऐकत नाई, तुमचं ऐकन.

राखीले तिचा भाऊच आर्वीले येईन. रोशनले सांगून ठेवलं हाये, ईनबाईसमोर जोरात बोलजो अन् तोंडाकडं पाहून बोलजो.

पिठाचं काई वाटून नाई घेतलं. तुमचं पोट, तुमची मर्जी. पन आता दुकानातून आपल्या मनानं गोयी आनू नका. इतकं माहं ऐका.

संत्र्याले अंदा बहार चांगला हाये. तुमी बऱ्या झाल्या की टोपलं पाठवते.

अनुसया

—

नागपूर
२९ ऑगस्ट

अनुसयाबाई,

खाटेवर बसून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या. दुखणं तिसऱ्यांदा उलटलं. निकेशने नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं आहे. वजन सत्तेचाळीस. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

इथल्या डॉक्टरांचं नाव छाया. तरुण आहेत, माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुलींएवढ्या. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्यांनी वही मागवली आणि सगळं लिहून समजावलं. आपल्या आतड्यात म्हणे कोट्यवधी जीव राहतात, आणि ते शत्रू नव्हेत. अन्न पचवायला मदत करतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, शरीराला आपलं कोण आणि परकं कोण ते शिकवतात. मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात, त्यामुळे वाईट जंतूला पाय ठेवता येत नाही. मी खाल्लेल्या गोळ्यांनी हे कामाचे जीवच मारून टाकले. मोकळं वावर दिसलं की गाजरगवत माजतं, तसं झालं. आता नुसतं गवत उपटून भागत नाही.

इथवर मला पटलं. पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. उपाय असा आहे: निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, पाण्यात कालवायची, गाळायची, आणि दुर्बिणीच्या नळीने माझ्या आतड्यात सोडायची. म्हणजे त्याच्या पोटातले चांगले जीव माझ्या पोटात वस्ती करतील. इतक्या वेळा उलटलेल्या या दुखण्यावर हाच उपाय सगळ्यांत जास्त लागू पडतो, असं त्यांनी लिहिलं. मी वही मिटली.

एकतीस वर्षं मी पोरांना शौचाहून आल्यावर हात धुवायला शिकवलं. आता म्हातारपणी हे? मी नाही म्हणून सांगितलं. निकेश चिडून बाहेर गेला. अपेक्षा खिडकीशी उभी राहून रडते. तिला तुम्ही समजवा. म्हणावं, सासू सहासष्ट वर्षांची आहे, तिला तिच्या मानाने जाऊ दे.

यशोदा

—

आष्टी
३ सप्टेंबर

ईनबाई,

काल पोळा झाला. बैल सजवले, पुरनाच्या पोळ्या केल्या, अन् घास तोंडात फिरत राह्यला. तुमचं पत्र सकाळीच आलतं.

जाऊ दे म्हनता? कोनाले सांगता? मी माह्या पोरीले असं काई समजावनार नाई. तुमाले समजावते. तुमी मोठ्या हाये, तरी.

आठ वर्षांआंधी आमच्या बगीच्यात डिंक्या आलता. झाडाच्या खोडातून डिंक गळे, पानं पिवळी पडत, मंग उभं झाड वाळे. यायनं, म्हंजे अपेक्षाच्या बाबानं, फवारे मारले, औषधं ओतली, एकावर एक. चाळीस झाडं गेली. मंग कृषीचा मानूस आला, त्यानं माती हातात घेतली अन् म्हने, दादा, तुमी वाईटाले मारता मारता चांगल्यालेही मारून टाकलं, ह्या मातीत आता जीवच नाई. त्यानं औषध बंद कराले लावलं. शेनखतात चांगली बुरशी कालवून झाडाच्या बुडाले द्याले लावली. धुऱ्यावरची, वावराच्या काठाची, जिथं कधी फवारा गेला नाई तिथली माती आनून जीवामृतात, शेन-गोमूत्र-गुळाच्या पान्यात, टाकाले लावली. सारी झाडं नाई वाचली. पन जी वाचली, तिचीच संत्री तुमी खाता.

शेनानं आपन आंगन सारवतो, त्याची गवरी करतो, त्याच्यावर भाकर भाजतो. त्याची घान येते का आपल्याले? तुमची डॉक्टरीन काई येडी नाई. ती तुमच्या पोटात माती भरून राह्यली, जिवंत माती.

अन् मानाचं म्हनसान तं, मान असते कुठं? तुमी त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून चालता, तवा तुमचा मान जाते असं तिले वाटते का? तिनं मले फोनवर सांगतलं, आई, त्या मले पह्यल्यांदा ‘बेटा’ म्हनल्या. चार वर्षांत पह्यल्यांदा. माह्या पोरीले आत्ता कुठं सासू भेटली. आताच नका जाऊ.

हो म्हना.

अनुसया

—

नागपूर
१० सप्टेंबर

अनुसयाबाई,

हो म्हटलं.

तुमच्या मातीने म्हटलं की ‘बेटा’ने, सांगता येत नाही. मी तिला तसं म्हटल्याचं मला आठवतसुद्धा नाही.

निकेशला साखर आहे, म्हणून तो बाद. अपेक्षा रात्रंदिवस माझ्याजवळ असते, तिच्याही पोटात तो जंतू शिरला असेल, म्हणून तीही नाही. पण कुणीतरी मिळालं आहे. रक्त, कावीळ, पोट, सगळं तपासून झालं, गेल्या सहा महिन्यांत एकही गोळी खाल्लेली नाही, असं डॉक्टरांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मी एकच अट घातली: कोण ते मला सांगायचं नाही.

तरी अंदाज आहे. माझ्या भावाचा स्वप्निल परवा भेटून गेला, जाताना उगाच हसत होता. पहाटे उठून पळणारा, धडधाकट मुलगा. शिवाय आपल्या रक्ताचा. म्हणून मन तयार झालं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मला जमलं नसतं, हे तुमच्यापाशी कबूल करते.

शुक्रवारी आहे.

यशोदा

—

आर्वी
४ ऑक्टोबर

अनुसयाबाई,

तेरा तारखेला ते झालं. तीन दिवसांत पोट थांबलं. मी वरण-भात खाल्ला, नंतर अर्धी पोळी, आणि गेल्या आठवड्यात घरी आले. हे सगळं तुम्हाला कळवायला कागद घेतला होता. तुमचं काहीच पत्र नव्हतं, तरी मी मनात धरलं नाही. शेतीची कामं असतील म्हटलं.

काल प्रेमदास भेटायला आला. एसटीत कंडक्टर आहे, माझा जुना विद्यार्थी. बोलता बोलता म्हणाला, “बाई, तुमच्या ईनबाई माझ्याच गाडीत होत्या ना, तळेगावातून नागपूरला. पंधरा दिवसांत दोनदा. तुमच्यासाठीच आल्या असतील.” मी अपेक्षाला विचारलं. तिने मान खाली घातली. म्हणाली, “हो, आली होती.”

म्हणजे दोनदा तुम्ही मी होते त्या शहरात आलात. एकदा तर नेमक्या त्याच आठवड्यात. आणि माझ्या खाटेपर्यंत तुमची पावलं वळली नाहीत. मी दारात माणसं मोजत पडले होते, अनुसयाबाई. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला तिची मोलकरीणही आली.

सासूचं दीड वर्ष केलं, घाण वाटत नाही, हे कागदावर लिहिणं सोपं असतं. मी ते खरं मानलं, ही माझी चूक. तुम्हाला किळस आली असेल तर तसं सरळ सांगायचं होतं. मला राग आला नसता. लपवल्याचा आला.

यापुढे पत्र लिहिण्याची तसदी घेऊ नका. कालपासून पोट पुन्हा दुखतं आहे. पण ते तुम्हाला कशाला सांगायचं.

यशोदा

—

आष्टी
९ ऑक्टोबर

ईनबाई,

लिवू नका म्हनलं तरी लिवते, येवढं एकच.

प्रेमदासनं सांगतलं ते खरं हाये. मी नागपूरले आलती. डोळे दाखवाले आलती. तुमाले भेटाले याले पाह्यजे होतं, नाई आली. माही चूक झाली. माफी करजा.

अपेक्षावर राग काढू नका. तिचं काई नाई त्यात.

पोट दुखते म्हनता तं घरी थांबू नका. आजच्या आज त्या डॉक्टरनीकडं जाजा.

अनुसया

—

आर्वी
१४ नोव्हेंबर

अनुसया,

‘सौ.’ नाही, ‘बाई’ नाही. चालेल ना? मी तुझ्याहून चौदा वर्षांनी मोठी आहे, आणि आता आणखीही काही आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मला पुन्हा नागपूरला नेलं. या वेळी सगळ्यांत वाईट होतं. रक्तदाब इतका खाली गेला की दोन दिवसांचं मला काही आठवत नाही. डॉक्टर छायांनी निकेशला सांगितलं, काहींना एकदा पुरत नाही, दुसऱ्यांदा द्यावं लागतं, लवकर करू. सतरा ऑक्टोबरला दुसऱ्यांदा केलं. त्यानंतर एकदाही पोट बिघडलेलं नाही. चार आठवडे झाले. वजन एक्कावन्न. काल मी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले आणि धने घेऊन परत आले.

आता मुद्द्याचं. परवा स्वप्निल आला. मी त्याच्यासाठी शिरा केला, पानाभोवती रांगोळी घातली, आणि म्हटलं, “तू माझ्यासाठी जे केलंस ते मला माहीत आहे.” तो गोंधळला. “मी काय केलं, आत्या? मी तर सप्टेंबरपासून दमूनच गेलो, डेंग्यू झाला होता मला.” तो गेल्यावर मी अपेक्षाला म्हटलं, मग कोण? ती ताट उचलून आत निघाली. तेव्हा मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, “परक्या माणसाने माझ्यासाठी एवढं केलं, आणि तुझ्या आईला जिना चढून भेटायला यायचं झालं नाही.”

अनुसया, तुझी मुलगी चार वर्षांत माझ्यापुढे कधी मोठ्याने बोलली नव्हती. परवा बोलली. माझ्यासमोर येऊन, ओठ नीट हलवून, जोरात. “आई त्याच दवाखान्यात होती! खालच्या मजल्यावर होती! दोन्ही वेळा तीच होती!” एवढं म्हणून ती खाली बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. मीही तिच्याशेजारी जमिनीवर बसले. उठता येणार नव्हतं, तरी बसले.

मग तिने सगळं सांगितलं. मी हो म्हणायच्या आधीच तू तपासायला रक्त देऊन गेली होतीस. तपासणीसाठी तू दातांना लावायचा तंबाखूचा गुडाखू, पंचवीस वर्षांची सवय, एका दिवसात सोडलास. त्याच्याशी काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाल्या, तरी म्हणालीस, ‘ईनबाईच्या पोटात जाते, चांगलंच जाऊ द्या.’ गरज नसताना आठवडाभर बाहेरचं पाणी प्यायली नाहीस. आणि दाता कोण ते मला कळू नये, म्हणून तू माझ्या मजल्यावर आली नाहीस. मीच अट घातली होती. मीच लिहिलं होतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर जमलं नसतं.

माझ्या चार तारखेच्या पत्राबद्दल मी काय लिहू? मला शब्दांची कधी वाण पडली नाही. आज पडली.

एक गंमत सांगते. मला हल्ली आंबील खावीशी वाटते. ताकातली, लसणाची फोडणी दिलेली. डॉक्टरांना विचारलं, हे तिच्या पोटातल्या जीवांचं काम का? त्या हसल्या आणि वहीत लिहिलं, ‘याला पुरावा नाही. मनावर परिणाम होतो का, यावर संशोधन सुरू आहे. पण खा, ताजं आणि थोडं थोडं.’ पीठ मी परत पाठवलं होतं. आता मी ते मागायला येते आहे.

रविवारी चोवीस तारखेला, सकाळच्या गाडीने. अपेक्षा सोबत आहे. तुझ्या घरी महादेवरावांना नमस्कार.

तुझी,
यशोदाताई

—

आष्टी
२५ नोव्हेंबर

यशोदाताई,

काल तुमी गाडीत बसल्या अन् मी परत येऊन कागद घेतला. जे सांगाचं होतं ते सांगताच नाई आलं. तुमच्या कानात जोरात बोला लागते, अन् ते साऱ्या आळीनं ऐकलं असतं.

तुमी मले लय मोठी करून गेल्या. मी तेवढी नाई. म्हनून हे लिवते.

तुमचं चार तारखेचं पत्र वाचून मी दिवसभर वावरात बसून राह्यली. यायले वाटलं मले ऊन लागलं. मंग दोन दिवसांनी जावयाचा फोन आला, आई, पुन्हा याले लागन. मी नाई म्हनलं. होय ताई, मी नाई म्हनलं. म्हनलं, दुसरा कोनी पाहा, माह्याच्यानं आता होत नाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तवाही मी नाईच म्हनलं. तुमी तिथं पडून होत्या अन् मी इथं रुसून होती. ते तुमाले माफीचं पत्र लिवलं ना, डोळे दाखवाले आलती म्हनून, ते लिवतानीही मनात राग होता.

मंग अपेक्षाचा फोन आला. तिनं विनंती नाई केली. रडलीही नाई. इतकंच म्हने, “आई, मी त्यायचे केस विंचरून राह्यली होती, तं त्यायनं माह्याकडं पाह्यलं अन् ओळखलं नाई.” मी फोन ठेवला, लुगडं बदललं, तळेगावचा ऑटो धरला अन् तिथून नागपूरची एसटी. तीन दिवस उशीर माह्यामुळं झाला. तुमाले काई झालं असतं तं मी कोनाले तोंड दाखवलं असतं? हे तुमाले सांगतल्याबिगर तुमचा नमस्कार मले पचत नोता.

आता तुमचा राग फिटला, माहाही फिटला. बरोबर झालं.

काल तुमी दारातच वाकल्या. मी हात धरला, पन तुमी आयकल्या नाई. मुलाची आई, वयानं मोठी, अन् पोरीच्या आईच्या पायाले हात लावते, ते शेजारच्या अन्नपूर्णानं पाह्यलं. तिची तं झोपच उडाली. तुमी गेल्यावर आलीच ती, कंबरेवर हात ठेवून.

“काऊन वं अनुसया, तुह्या ईनबाई तुह्या पाया काऊन पडल्या? असं काय केलं तू त्यायच्यासाठी?”

मी म्हनलं, “काई नाई केलं वं. आमचं पोटचं नातं हाये.”

तिनं मान हालवली. तिले वाटलं, मी अपेक्षाबद्दल बोलून राह्यली.

तुमची,
अनुसया